उशीर झालेला खलाशी

आल्फ डॉबसन या इंग्रज खलाशाने मला साडेसात वर्षं फसवलं. अमेरिकेत सिएटलजवळच्या बेलव्ह्यूच्या आमच्या मराठी मंडळात ही गोष्ट उलटी सांगतात. रामटेक्यांनी, म्हणजे मी, एका बिनकागदाच्या गोऱ्याला राबवून घेतलं आणि शेवटी पळवून लावलं, असं तिथे जेवणाच्या रांगेत बोललं जातं. मी त्याच रांगेत चार माणसं मागे उभा असलो तरी. मंडळातल्या निम्म्या घरांमधली जेवणाची टेबलं आल्फने स्वतः बांधून पोहोचवलेली आहेत, आणि त्याच टेबलांवर कोपरं टेकून हे लोक असं बोलतात. म्हणून आल्फ कोण होता ते एकदा लिहून ठेवतो.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते एक्याण्णवच्या एप्रिलमध्ये, एका गॅरेज सेलमध्ये. विमानाच्या कारखान्यातली माझी नोकरी गेली होती आणि मी जुन्या फर्निचरचं दुकान टाकून वर्ष झालं होतं. धंदा सोपा होता. पुण्या-मुंबईहून, नागपूरहून पोरं दोन सुटकेसा घेऊन उतरत, रिकाम्या अपार्टमेंटमध्ये गालिच्यावर झोपत आणि तिसऱ्या दिवशी पाठ धरली की माझ्याकडे येत. परत निघालेल्यांकडून घ्यायचं आणि नव्याने आलेल्यांना विकायचं. मधला फरक माझा. त्या दिवशी एका म्हाताऱ्याकडून मी ओकचं टेबल आणि सहा खुर्च्या चाळीस मिनिटं भांडून निम्म्या किमतीत घेतल्या. मग लक्षात आलं की टेबल माझ्या व्हॅनच्या दारातून आत जात नाही. म्हातारा पायरीवर उभा राहून शांतपणे बघत होता. त्याला ते आधीपासून माहीत होतं.

जुन्या हत्यारांच्या खोक्यापाशी लोकरी टोपी घातलेला एक माणूस उकिडवा बसला होता. पन्नाशीचा असावा, पण दिसायचा साठीचा. तो उठून आला आणि म्हणाला, "घेतलंस चांगलं. नेणार कसं?"

मी म्हटलं, "ते माझं मी बघीन."

"बघ," तो म्हणाला आणि उभाच राहिला.

पाच मिनिटांनी मीच त्याला विचारलं. त्याने म्हाताऱ्याची कपडे वाळत घालायची दोरी मागून घेतली आणि टेबल उलटं करून व्हॅनच्या टपावर बांधलं. सगळं मिळून तीन मिनिटं लागली. मग न विचारता माझ्या शेजारी बसला. तळ्यावरच्या तरंगत्या पुलावर त्या दिवशी असा वारा होता की व्हॅन बाजूच्या लेनमध्ये सरकत होती. पुलाच्या टोकाला एक ट्रक मधे घुसला आणि मी कचकन ब्रेक मारला. माझ्या मांडीवर गरम कॉफी सांडली. टेबल बोटभरही हललं नाही.

दुकानापाशी आल्यावर मी विचारलं, "काय घेशील?"

"एक खोली. चहा. आणि कोणी विचारलं तर मी इथे नाही."

दुकानामागे सामान ठेवायची खोली होती. ती मी त्याला दिली. वर तासाप्रमाणे रोख पैसे द्यायचे ठरले. किती, ते इथे लिहीत नाही. बिनकागदाच्या माणसाचा एक बाजारभाव असतो. तो मी पाडला नव्हता आणि चढवलाही नव्हता.

त्याने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की तो ब्रिटिश मालवाहू जहाजावरचा खलाशी होता. सत्तावन्न साली सिएटलच्या बंदरात मेटच्या, म्हणजे कप्तानाखालच्या अधिकाऱ्याच्या, तोंडावर ठोसा मारून तो जहाजावरून पळाला आणि तेव्हापासून या देशात कागदाशिवाय होता. हल नावाच्या गावचा. आईबाप लहानपणी गेलेले, थोरल्या बहिणीने वाढवलेलं. तिचं नाव डोरिस. याच्या पलीकडे मी विचारलं नाही, कारण त्याचा एक नियम होता आणि तो त्याने मला आधीच ऐकवला होता. "माणसाला तू कुठल्या जहाजावरून आलास असं विचारायचं नसतं, रॅम. पाणी हवंय का, एवढं विचारायचं." रामटेके हे नाव त्याने पहिल्या दिवशी दोन अक्षरांवर आणलं होतं. मी कुठलीही गोष्ट सहज कमी करू देत नाही, पण ही दिली.

रोज सकाळी तो पेपरमधलं भरती-ओहोटीचं कोष्टक वाचायचा. आमचं बेलव्ह्यू तळ्याकाठी आहे. तळ्याला भरती नसते. हे मी त्याला एकदा सांगितलं. "मला माहीत आहे," तो म्हणाला आणि पुढचा रकाना वाचू लागला. तो कधी दाराकडे पाठ करून बसत नसे. कशावरही सही करत नसे. टाय घातलेला माणूस एकटा आत आला की आल्फ मागच्या दाराने बाहेर पडे. "फर्निचर घ्यायला नवरा-बायको येतात," तो म्हणायचा. "टाय घातलेला एकटा माणूस सरकारचा असतो." अडचण अशी होती की आमची पोरं नोकरीच्या पहिल्या आठवड्यात टाय घालत, आणि बहुतेकांच्या बायका अजून व्हिसासाठी तिकडेच थांबलेल्या असत. त्यामुळे आल्फचा बराचसा पहिला उन्हाळा मागच्या गल्लीत गेला. मी एकेकाला आत घ्यायचो, मराठीत दोन शब्द बोलायचो आणि मग भिंतीवर थाप मारायचो. थाप ऐकली की तो परत यायचा.

गाद्या बांधण्यात त्याचा हात धरणारा मी पाहिला नाही. आमच्या गिऱ्हाइकांकडे जुन्या छोट्या गाड्या, त्यांवर डबल बेडची गादी आणि मधे तो पूल. दुसऱ्या दुकानांतून घेतलेल्या गाद्या तळ्यात गेल्याच्या गोष्टी होत्या. माझी एकही गेली नाही. तो नायलॉनच्या दोरीला हात लावत नसे. "गाठ अशी हवी की वादळात धरून ठेवेल आणि निघायचं झालं तर एका झटक्यात सुटेल. नुसती धरून ठेवणारी गाठ कोणालाही मारता येते."

बांधता बांधता तो गोष्टी सांगायचा. केप हॉर्नला मस्तूल मोडल्यावर तीन दिवस कसे काढले, वाल्पराइसोच्या तुरुंगात कोंबडीवरून दंगल कशी झाली, हवाईला शार्कने त्याच्या शेजारच्या माणसाचा फक्त बूट कसा नेला. आवाज न चढवता, दोरी ओढत सांगायचा. पोरं तोंड उघडी टाकून ऐकत. त्यांचे बाप भाव करायचं विसरत. हे माझ्या लक्षात आल्यावर मी मोठ्या सौद्यांना त्याला मुद्दाम बाहेर बोलवू लागलो.

एकदा एका नागपूरच्या गिऱ्हाइकाने त्याला शिकवलं की आमच्यात बायकांना काकू म्हणतात. आल्फने ते मनावर घेतलं. पुढच्याच शनिवारी पुण्याची एक नवी नवरी जीन्स घालून आली, तेवीस-चोवीस वर्षांची. आल्फने टोपी काढली आणि तिला म्हणाला, "काकू, हळू. पायरी आहे."

ती नवऱ्याकडे वळली. "मी काकू दिसते? सिरियसली?"

नवरा मला म्हणाला, "रामटेके काका, हे काय आहे यार? सोफा कॅन्सल करतो मी."

मला एक टेबल लॅम्प फुकट द्यावा लागला. आल्फला मी झापलं. तो म्हणाला, "आदराने बोललो तर लॅम्प जातो. तुमच्या लोकांत वागणं महाग आहे." पण काकू म्हणणं त्याने सोडलं नाही. पाच-सहा वर्षांनी तीच मुलगी दोन पोरांना घेऊन आली आणि "आल्फ अंकल, काकू आलीय," असं दारातून ओरडली.

त्याच्या गोष्टींवर पहिला संशय घेतला तो सहस्रबुद्ध्यांनी. सहस्रबुद्धे आमच्या मंडळाचे सेक्रेटरी. सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधायचं काम करायचे आणि शनिवार-रविवारीही ते बंद ठेवत नसत. मंडळाच्या पिकनिकला आल्फला मीच घेऊन गेलो होतो. सत्तावन्नच्या फेब्रुवारीत सुएझ कालव्यातून जाताना त्याच्या जहाजावर गोळीबार झाला, असं तो पोरांना सांगत होता.

सहस्रबुद्धे म्हणाले, "मिस्टर डॉबसन, त्या फेब्रुवारीत सुएझ कालवा बंद होता."

आल्फने मक्याचं कणीस खाली ठेवलं. "हो," तो म्हणाला. "म्हणूनच लक्षात राहिलं."

सगळे हसले. सहस्रबुद्धे हसले नाहीत. मग माझ्याकडे वळून त्यांनी, त्यांच्या सवयीप्रमाणे, आणखी एक चौकशी केली. "रामटेके म्हणजे नागपूर साइड, नाही का? नागपुरात कुठे?" मी भागाचं नाव सांगितलं. "अच्छा," ते म्हणाले. मग ते 'अच्छा' थोडा वेळ हवेत राहिलं. असं 'अच्छा' मी पंधरा वर्षांत बरंच ऐकलं आहे.

परत येताना आल्फने गाडीत विचारलं, "त्याने तुला काय विचारलं?"

"मी कुठल्या जहाजावरून आलो ते," मी म्हटलं.

मग त्याला सांगितलं. छप्पन्न साली नागपूरला माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली, त्या दिवशी घरातले देव सोडले, गावाने जातीवरून वाट्याला दिलेलं काम सोडलं. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. वडील म्हणायचे, आता कोणी विचारलं तर आपण आजपासूनचे आहोत. आल्फने बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे तुझा बाप माझ्या एक वर्ष आधी उतरला," तो म्हणाला. "आणि दिवसाढवळ्या. शहाणा माणूस." पुढच्या ऑक्टोबरात दीक्षेच्या दिवशी आम्ही दहा-बारा घरं जमलो तेव्हा तो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आला आणि सगळ्या खुर्च्या त्याने लावल्या.

डोरिसला तो वर्षातून एकदा पत्र पाठवत असे. पत्त्याशिवाय. त्र्याण्णव साली मी म्हटलं, दुकानाचा पत्ता टाक, काय होईल? त्याने आठवडाभर विचार केला आणि टाकला. छत्तीस वर्षांनी तिचं पहिलं उत्तर आलं. त्यात एकच वाक्य महत्त्वाचं होतं आणि ते त्याने मला वाचून दाखवलं: "तू जिवंत आहेस हे मला दर वर्षी कळत होतं, जेवतोस की नाही ते कळत नव्हतं." मग दर महिन्याला पत्रं येऊ लागली. शहाण्णवच्या शेवटी तिने लिहिलं की छातीचं दुखणं वाढलंय, जिना चढवत नाही, खाट खाली आणली आहे.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गिऱ्हाईक असताना, तो मला म्हणाला, "मला तिला भेटून यायचंय."

"जा मग."

"जायला कोणी अडवत नाही. यायला अडवतील."

हाच पेच होता. बाहेर पडला असता तर या देशाने त्याला परत आत घेतलं नसतं. मी म्हटलं, तिकडेच राहा, तुझा देश आहे. तो म्हणाला, "माझी खोली इथे आहे." माझ्या सामानाच्या खोलीबद्दल कोणी असं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. मी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला जास्तच सूट दिली.

मग मी कामाला लागलो. मिसेस ओल्सन नावाच्या वकीलबाईंना ऑफिससाठी सोफा हवा होता. सोफ्याच्या बदल्यात आल्फचं प्रकरण, असा सौदा मी केला. त्यांनी कायदा सांगितला: बाहत्तर सालाच्या आधी जो या देशात आला आणि इथेच राहिला, तो कागद मागू शकतो. फक्त आल्याचं सिद्ध करायचं. ज्या माणसाने चाळीस वर्षं आपला माग राहू नये म्हणून सहीसुद्धा केली नाही, त्याने सिद्ध करायचं. खलाशाचं पुस्तक कप्तानाकडे असतं, ते जहाजाबरोबर गेलं होतं. मिसेस ओल्सन म्हणाल्या, "जहाज पळालेल्याची नोंद करतं. ती नोंद मिळाली तर पुरे." म्हणजे ज्या ओळीला तो चाळीस वर्षं घाबरत होता तीच ओळ आता शोधायची होती. दुकानाच्या कागदावर मीच पत्रं लिहिली. जुन्या जहाजांची दफ्तरं ठेवणाऱ्या इंग्लंडमधल्या कचेरीला चार पत्रं गेली.

सत्त्याण्णवच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात पाकीट आलं. दुकानाच्या नावाने होतं, मी फोडलं. आत जहाजाच्या रोजनिशीच्या एका पानाची प्रत होती. आल्फ्रेड डॉबसन, वय सतरा. काम: भटारखान्यातला पोऱ्या. सफर: पहिली. सिएटल येथे जहाजावर परतला नाही, पळून गेला असे समजण्यात येते. मागे राहिलेले सामान: सुटकेस एक, बूट एक जोडी, माउथ ऑर्गन एक.

पहिली सफर. मी नकाशा काढून पाहिलं. इंग्लंडहून पनामामार्गे सिएटल, फार तर पाच आठवडे. केप हॉर्न नाही, वाल्पराइसो नाही, हवाई नाही. पाच आठवडे बटाटे सोललेला माणूस माझ्या दुकानासमोर उभा राहून सहा वर्षं सातही समुद्र विकत होता, आणि पहिलं गिऱ्हाईक मी. मला राग आला. रागात मी ते पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं.

आता एक गोष्ट लिहायलाच हवी. पाकीट तिथे रागाने गेलं, पण राग दोन दिवसांत उतरला. पाकीट बारा आठवडे तिथेच राहिलं. जून ते ऑगस्ट हा आमच्या धंद्याचा हंगाम. त्या वर्षी कंपन्यांनी इतकी पोरं आणली की दिवसाला सहा-सहा डिलिव्हऱ्या होत्या. अर्ज आत गेला की आल्फला काम करायचा परवाना मिळणार, आणि परवाना मिळाला की बाजारभाव बदलणार. कोणीही त्याला दुप्पट देऊन नेलं असतं. मी स्वतःला सांगितलं, हंगाम जाऊ दे. बारा आठवड्यांनी काय बिघडतं? आल्फ रोज संध्याकाळी विचारायचा, "इंग्लंडचं काही?" मी म्हणायचो, "सरकारी काम आहे."

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी मी पाकीट त्याच्या हातात दिलं. त्याने आतला कागद आधी काढला नाही. तिकिटावरचा तारखेचा शिक्का बघितला. बराच वेळ बघितला.

"पोहोचायला वेळ लागला याला," तो म्हणाला.

"टपाल आहे."

"हो. समुद्रमार्गे आलं असेल."

मग कागद वाचला. बुटांच्या ओळीवर बोट ठेवलं. "चांगले होते," म्हणाला.

मी विषय बदलायला त्याच्यावरच चढलो. "पहिली सफर? तू मला मूर्ख समजलास? आणि मेटला ठोसा मारलास ना?"

"नाही."

"मग पळालास का?"

"पळालो नाही," आल्फ म्हणाला. "उशीर झाला. डोरिसला पिक्चर पोस्टकार्ड घ्यायला उतरलो होतो. दोन चित्रं होती, एक डोंगराचं, एक पुलाचं. ठरेना. धक्क्यावर आलो तर जहाज निघत होतं. शिडी वर घेतलेली. भटारी आधीच मारायचा. उशीर झाला म्हणून किती मारेल याचा विचार करत मी एका खोक्यावर बसलो. विचार संपेपर्यंत जहाज दिसेनासं झालं."

"आणि चाळीस वर्षं लपलास?"

"कोणाला सांगणार? पळालेल्या माणसाला लोक चहा देतात. उशीर झालेल्याला काय देतात?"

अर्जासाठी मिसेस ओल्सननी वर्षावार यादी मागितली: कुठे राहिला, काय केलं. ती मी लिहून घेतली. आल्फ पत्ता सांगावा तसं सांगत होता. अलास्कात मासे डबाबंद करायचा कारखाना, तीन उन्हाळे. तिथून परतताना बर्फात वाट चुकला, चार दिवस एका कुत्र्याबरोबर एका खड्ड्यात. मग लाकडाच्या ओंडक्यांवरून नदीत. दोनदा बुडाला, दुसऱ्यांदा बाहेर काढणाऱ्या माणसाचं नाव बिल. बिल पुढच्या वर्षी पडत्या झाडाखाली सापडला आणि मरताना म्हणाला, माझं नाव वापर, मला आता लागत नाही. म्हणून पुढची नऊ वर्षं बिल या नावाने. डोंगरमाथ्यावरच्या मचाणात बसून जंगलातल्या वणव्यांवर नजर ठेवायचं काम. एकदा वणवा मचाणापर्यंत आला. सफरचंदांच्या बागा. फिरत्या सर्कशीचा ट्रक, त्यात एक म्हातारं अस्वल.

मी पेन खाली ठेवलं. "हे तू गिऱ्हाइकांना का नाही सांगितलंस?"

"ते काय सांगायचं?" आल्फ म्हणाला. "ती नोकरी होती."

परवाना नोव्हेंबरात आला. त्याने तो मला दाखवला, खिशात ठेवला आणि गादी बांधायला बाहेर गेला. गेला नाही कुठे. दुसऱ्या एका दुकानदाराने त्याला बोलावलं होतं, हे मला नंतर त्या दुकानदाराकडूनच कळलं. महिन्याभराने मी त्याचे पैसे आपणहून दुप्पट केले. तो म्हणाला, "मी मागितले नव्हते."

"माहीत आहे."

"ओरडला पण नाहीस. बरं आहे ना तुला?"

अठ्ठ्याण्णवच्या जुलैच्या मधल्या आठवड्यात डोरिस गेली. शेजारणीचं पत्र आलं. अर्ज अजून आत होता आणि तो आत असताना देशाबाहेर पाऊल टाकू नकोस, असं मिसेस ओल्सननी बजावलं होतं. आल्फने ते पत्र काउंटरवर उभ्याने वाचलं, घडी केली आणि विचारलं, "किर्कलंडची डिलिव्हरी किती वाजता?" मी म्हटलं, मी जातो. तो म्हणाला, "तुला गाठ येत नाही," आणि गेला.

सप्टेंबर संपता संपता त्याचं ग्रीन कार्ड आलं. म्हणजे दहा आठवडे उशिरा. हिशोब मला येतो. दहा हे बारापेक्षा कमी असतात. मिसेस ओल्सन म्हणाल्या, अर्ज लवकर गेला असता तरी कार्ड लवकर आलं असतंच असं कोणी सांगू शकत नाही. त्या मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या. मी त्यांना खुर्च्याही दिल्या होत्या.

कार्ड आलं त्या दिवशी मी आल्फच्या खोलीत गेलो. जन्मात पहिल्यांदा मी एखाद्याकडे जाऊन त्याने माझ्याशी भांडावं म्हणून उभा राहिलो. त्याने चहा केला. मी म्हटलं, "आल्फ, ते जूनचं पाकीट."

"चहा घे," तो म्हणाला.

"मी काय म्हणतोय—"

"गार होईल."

ऑक्टोबरात तो निघाला. डोरिसची कबर बघून, तिचं घर आवरून तीन आठवड्यांत येतो म्हणाला. परतीचं तिकीट मी काढलं होतं. विमानतळावर मी सोडलं. आत जाताना त्याने सही करून फॉर्म भरला, मोठ्या अक्षरात, स्वतःच्या नावाने. तीन आठवड्यांनी मी त्याला आणायला गेलो. सगळे प्रवासी बाहेर आले. मग विमानातले कर्मचारी आले. मग सफाईवाले आत गेले. मी तिथे दोन तास होतो, आणि पार्किंगचे पैसे गेले याचं मला त्या दिवशी काही वाटलं नाही.

डिसेंबरात हलहून पोस्टकार्ड आलं. पत्ता नव्हता. लिहिलं होतं: "चांगली दोरी दुसऱ्या फळीवर मागे आहे. नव्या माणसाला नायलॉन वापरू देऊ नकोस. आल्फ." त्याच्या पलीकडे एक अक्षर नाही. मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं.

तेव्हापासून मंडळात बोलणं सुरू झालं. पुढच्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात सहस्रबुद्धे म्हणाले, "रामटेके, त्याला पेपर्स तुम्हीच करून दिलेत आणि तो पळाला तो तुमच्यापासूनच, अशी चर्चा आहे. ऑड आहे ना हे?" मी त्यांना तिथे काय म्हणालो ते इथे छापण्यासारखं नाही. पण त्यांनी चूक बरोबर पकडली होती.

म्हणून आता हे सगळं स्वच्छ लिहिलं. पाकीट मी दाबून ठेवलं. बारा आठवडे. राग हे कारण नव्हतं, हंगाम हे कारण होतं. याचा जबाब मी द्यायला बांधील आहे, पण जबाब मागणारा लागतो. मी आयुष्यभर भाव करत आलो. समोरचा ओरडला की त्याला काय दुखलं ते कळतं, मग काही देता येतं, काही कमी करता येतं. ज्याने एक शब्द काढला नाही, वर चहा पाजला, त्याला मी काय देऊ? वर्षभर त्याला सगळं माहीत होतं, आणि वर्षभर तो माझ्या गाद्या बांधत होता. ही फसवणूक मला पहिल्या सगळ्या फसवणुकींपेक्षा मोठी वाटते.

इंग्लंडात हल नावाचं गाव आहे. तिथे कोणी ना कोणी मराठी माणूस असेलच. डॉक्टर तरी असेल. त्याने आल्फ डॉबसनला शोधावं. लोकरी टोपी, उजव्या अंगठ्यावर दोरीचा जुना वळ. हे त्याला इंग्रजीत वाचून दाखवावं, एकही वाक्य न गाळता. मग त्याला विचारावं की रामटेक्याशी तू भांडला का नाहीस. तो चहा पुढे करेल. चहा घेऊ नये. उत्तर घेतल्याशिवाय तिथून उठू नये.